प्रसरणशील विश्व आणि आमचे जर्नल

कॉलेजच्या अंकात प्राध्यापकाने लिहायचे म्हणजे विद्यार्थ्यांना उपदेश करायचा, असा एक संकेत पडून गेला आहे. यंदा तो मोडावा असे मनात आहे. उपदेशाऐवजी मी एक कबुली देणार आहे, आणि ती देता देता विश्वाच्या प्रसरणाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. या दोहोंचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो पुढे कळेलच.

मी बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज कोणते ते सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. प्रयोग ग्रेटिंगचा होता. प्रयोगशाळेच्या टोकाला काळे पडदे लावलेली खोली, तीत सोडियमचा दिवा, स्पेक्ट्रोमीटर आणि लाकडी पेटीतून काढून दिलेले ग्रेटिंग. शास्त्र शाखेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : ग्रेटिंग म्हणजे काचेची एक लहानशी पट्टी. तिच्यावर इंचाला हजारो समांतर रेषा आखलेल्या असतात. प्रकाश तीतून गेला की आपल्या तरंगलांबीप्रमाणे ठराविक कोनात वळतो. कोन मोजला आणि रेषांची दाटी ठाऊक असली की तरंगलांबीचे गणित मांडता येते. आमच्या पेटीवर चिठ्ठी होती : इंचाला १५,००० रेषा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी पुस्तकात दिलेली होती ५८९३ अँगस्ट्रॉम. माझे उत्तर आले ४९१०.

पुन्हा केले. पुन्हा तेच. डोळ्यांना लख्ख पिवळा दिसणारा प्रकाश आकड्यात मात्र निळसर हिरवा निघत होता! कोन यायला हवा होता वीस अंशांच्या वर, माझा येत होता सतरा. माझा जोडीदार व्यवहारी होता. तो म्हणाला, "अरे, पुस्तकातली किंमत घे, उलट गणित करून कोन काढ, आणि व्हर्नियरवर दोन-चार मिनिटे इकडे तिकडे कर. सगळे हेच करतात." आम्ही तेच केले. नेमके ५८९३ लिहिले तर संशय येतो, म्हणून ५८८७ लिहिले. सरांनी बरोबरची खूण केली. दहांपैकी नऊ गुण मिळाले.

याला आम्ही रीडिंग शिजवणे म्हणत होतो. आजही विद्यार्थ्यांत हाच शब्द चालतो, हे मला ठाऊक आहे.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रयोगशाळेतले मामा सामान आवरत होते. मी त्यांना हात लावायला गेलो होतो. ग्रेटिंग पुसून पेटीत ठेवताना काचेच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलेला आकडा दिसला : १२,५००. शेजारच्या पेटीवर १२,५०० ची चिठ्ठी होती आणि आतल्या काचेवर १५,००० कोरलेले होते. केव्हातरी, कोणाच्या तरी हातून, दोन काचांची अदलाबदल झाली होती. मी तिथेच उभ्या उभ्या गणित केले. ५८९३ ला १२,५०० ने गुणा आणि १५,००० ने भागा. उत्तर ४९११.

म्हणजे माझे मापन बरोबर होते! चूक चिठ्ठीची होती. ही अदलाबदल किती वर्षांपूर्वीची, कोणास ठाऊक. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ४९१० च्या आसपास उत्तर आले असणार आणि शेजारच्या टेबलावरच्यांना ७०७०. पण कपाटातल्या सगळ्या जर्नलांत ५८८५ ते ५९०० याखेरीज दुसरा आकडा नव्हता. एकानेही आपले खरे उत्तर लिहिले असते, तर चिठ्ठीची चूक त्याच दिवशी पकडली गेली असती. आम्ही सर्वांनी मिळून ती जपली.

आता विश्वाकडे वळतो. गेली काही वर्षे तृतीय वर्षाला मी खगोलभौतिकी शिकवतो. फळ्यावर हबलचा नियम लिहिला की ते ग्रेटिंग दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. विश्व प्रसरण पावत आहे हे माणसाला कसे कळले, याचा इतिहास म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत न जुळणाऱ्या रीडिंगांचाच इतिहास आहे.

सुरुवात १९१२ ची. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथे लॉवेल वेधशाळा आहे. तेथे व्हेस्टो स्लायफर नावाचा ज्योतिषशास्त्रज्ञ २४ इंची दुर्बिणीला वर्णपटमापी जोडून देवयानी तारकासमूहातल्या अभ्रिकेचा वर्णपट घेत होता. अभ्रिका म्हणजे आकाशातले फिकट, धुरकट डाग. ते आपल्याच आकाशगंगेतले वायूचे मेघ आहेत, की आकाशगंगेबाहेरच्या दुसऱ्या आकाशगंगा, याचा त्या वेळी निकाल लागला नव्हता. प्रकाश इतका मंद, की एका प्लेटवर ठसा उमटायला कित्येक तास, कधी ओळीने अनेक रात्री लागत.

वर्णपटात काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागी, जशा प्रत्येकाच्या अंगठ्यावरच्या. कॅल्शियमची एक ठळक रेषा ३९३४ अँगस्ट्रॉमवर आहे. प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर साऱ्या रेषा एकत्रितपणे निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी उभे राहिलेल्या प्रत्येकाने याचा आवाजातला भाऊ ऐकलेला आहे : गाडी येताना शिटीचा स्वर चढा असतो आणि इंजिन पुढे निघून गेले की एकदम उतरतो. मात्र एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. तारा तांबडा दिसतो म्हणून तो दूर चालला आहे, असे नाही. रंगाने काही सिद्ध होत नाही. ओळखीच्या रेषांचा संपूर्ण ठसा किती सरकला, ते मोजावे लागते.

स्लायफरला देवयानीचा वेग मिळाला सेकंदाला ३०० किलोमीटर, तोही आपल्या दिशेने. ताऱ्यांचे वेग साधारणपणे दहा-वीस किलोमीटरच्या घरातले. इतका मोठा वेग तोवर कोणीही मोजला नव्हता. आमच्यासारखा कोणी असता तर त्याने एक शून्य गाळून ३० लिहिले असते आणि सरांची खूण मिळवली असती. स्लायफरने पुन्हा प्लेटा घेतल्या, पुन्हा मोजल्या आणि आले तेच छापले. १९१७ पर्यंत त्याच्याकडे २५ अभ्रिकांचे वेग जमले. त्यांपैकी २१ आपल्यापासून दूर जात होत्या. सगळ्या वस्तू इतस्ततः फिरत असतील तर निम्म्या येणाऱ्या आणि निम्म्या जाणाऱ्या हव्यात. तसे का नाही, याचे उत्तर स्लायफरजवळ नव्हते. त्याने आकडे ठेवले आणि तो पुढच्या कामाला लागला.

दुसरा धागा हार्वर्डचा. तेथील वेधशाळेत काचेच्या प्लेटांवरून ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे काम बायका करीत. त्यांना 'गणक' म्हणत आणि पगार बेताचाच देत. त्यांतल्या हेन्रिएटा लेव्हिट या बाईंना कानाने कमी ऐकू येई. छोट्या मॅगेलनी मेघातल्या २५ ताऱ्यांचा अभ्यास करून १९१२ साली त्यांनी दाखवले, की सेफीड जातीच्या ज्या ताऱ्याचे तेज कमीजास्त व्हायला जितके अधिक दिवस लागतात, तितका तो मुळात अधिक तेजस्वी. याचे महत्त्व केवढे! रस्त्यावर लांब एक दिवा मिणमिणताना दिसला तर तो जवळचा लहान की दूरचा मोठा, हे सांगता येत नाही. पण तो शंभर वॅटचा आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या मंदपणावरून अंतराचे गणित करता येते. लेव्हिटबाईंनी आकाशातल्या दिव्यांवरचे वॅट वाचायला शिकवले.

हे शिक्षण एडविन हबलने वापरले. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण होती, त्या काळची जगातली सर्वांत मोठी. १९२३ च्या ऑक्टोबरात देवयानीच्या अभ्रिकेची घेतलेली एक प्लेट प्रसिद्ध आहे. तीवरच्या एका ठिपक्याला हबलने नवताऱ्याची खूण केली होती. जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर कळले, की हा नवतारा नव्हे, तेज बदलणारा सेफीड आहे. त्याने आधीची खूण काट मारून खोडली आणि शेजारी 'बदलता तारा' या अर्थाचे संक्षिप्त अक्षर लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकले. ती काट आजही तशीच आहे. आमच्याकडे जर्नलात काट दिसली की आम्ही पान पुन्हा लिहून आणायला सांगतो! त्या एका ताऱ्यावरून अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर होती. अभ्रिका या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हा वाद १९२५ च्या आरंभी मिटला.

मग हबलने अंतरे आणि वेग एका कागदावर मांडले. वेग बहुतेक स्लायफरच्या मोजणीचे होते. आणखी मंद दीर्घिकांचे वेग मिल्टन ह्युमसनने मोजायला घेतले. या ह्युमसनची हकीकत आपल्या मुलांनी ऐकावी अशी आहे. आठवीच्या पुढे तो शाळेत गेला नाही. वेधशाळा बांधली जात असताना डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून सामान वाहून नेण्याचे काम तो करी. पुढे तेथेच झाडलोट करणारा म्हणून लागला, मग रात्रीचा मदतनीस झाला आणि अखेर जगातला एक अव्वल निरीक्षक झाला. त्याने एन.जी.सी. ७६१९ या दीर्घिकेचा वर्णपट घेतला, तेव्हा एकेका प्लेटला तीस तासांहून अधिक वेळ प्रकाश द्यावा लागला. वेग निघाला सेकंदाला ३७७९ किलोमीटर. म्हणजे कॅल्शियमची ३९३४ वरची रेषा सुमारे ५० अँगस्ट्रॉम सरकलेली होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसाव्यात म्हणून आपण स्पेक्ट्रोमीटरशी झटतो. त्या रेषांत अंतर असते जेमतेम सहा अँगस्ट्रॉमचे. यावरून सरकण्याच्या आकाराची कल्पना यावी. या सरकण्याला मराठीत ताम्रसृती म्हणतात.

१९२९ साली हबलने २४ दीर्घिकांच्या आधारे निष्कर्ष छापला : जितकी दीर्घिका दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. दुप्पट अंतर, दुप्पट वेग.

याचा अर्थ आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत आणि सगळे आपल्यापासून पळत सुटले आहेत, असा मुळीच नाही. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी घ्या. तिच्यावर खडूने एकेका इंचावर खुणा करा आणि पट्टी दुप्पट लांब होईतो ताणा. कोणत्याही खुणेवर बोट ठेवून पाहा : शेजारची खूण एक इंच दूर गेली, तिच्या पलीकडची दोन इंच, त्यापलीकडची तीन. प्रत्येक खुणेला आपणच मध्यभागी आहोत असे वाटेल, आणि खरे पाहता मध्य कोठेच नाही. दूर जाणे खुणांचे नाही, ताणले जाणे पट्टीचे आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशाचा तरंगही ताणला जातो. रेल्वेच्या शिटीचा दृष्टान्त जवळच्या दीर्घिकांपुरता ठीक. फार दूरच्यांसाठी ट्यूबचा अधिक खरा. देवयानी आपल्याकडे येते, कारण इतक्या जवळ ताणापेक्षा दोघींमधले गुरुत्वाकर्षण भारी पडते.

हा अर्थ हबलच्या आधी दोघांनी समीकरणांतून काढला होता. रशियातील अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२ साली आणि बेल्जियममधील धर्मगुरू व गणिती जॉर्ज लमेत्र याने १९२७ साली. लमेत्रने उपलब्ध आकड्यांवरून प्रसरणाचा दरही काढला होता, पण तो ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला आणि फारसा कोणी वाचला नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली. आपल्या क्रमिक पुस्तकांतही ती यावी.

आणि आइन्स्टाइन? १९१७ साली त्याने आपली समीकरणे साऱ्या विश्वाला लावली, तेव्हा विश्व स्थिर राहीना. विश्व स्थिर आहे, ही तर त्या वेळची सर्वमान्य समजूत. म्हणून त्याने समीकरणात एक जादा पद घातले. म्हणजे थोर आइन्स्टाइननेही उत्तराकडे पाहून गणित जुळवले म्हणायचे! पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. हे पद कशासाठी घातले, ते त्याने त्याच लेखात उघड लिहून ठेवले. उघड लिहिल्यामुळेच पुढे ते काढून टाकता आले. आमच्या जर्नलात शिजवलेला कोन कोणता आणि मोजलेला कोणता, हे आज मलाही सांगता येणार नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. हबलच्या आकड्यांप्रमाणे प्रसरणाचा दर येत होता दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला ५०० किलोमीटर. या वेगाने उलट हिशेब केला तर सगळ्या दीर्घिका एकत्र होत्या त्याला सुमारे दोनशे कोटी वर्षे झाली. इकडे भूशास्त्रज्ञ किरणोत्सर्गावरून खडकांची वये मोजत होते आणि ती याच्या पुढे जात होती. १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्कांवरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. आईपेक्षा मुलगी मोठी! दोन खात्यांची रीडिंगे जुळत नव्हती आणि दोन्ही खाती आपापल्या आकड्यांवर ठाम होती. कोणी आपला आकडा गुपचूप वाकवला नाही. ही विसंगती वीस-पंचवीस वर्षे चारचौघांत उघडी पडून राहिली.

ती सोडवायला वॉल्टर बाडे याने सुरुवात केली. हा मूळचा जर्मन. दुसऱ्या महायुद्धात सहकारी युद्धकार्याला गेले. याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यात स्थान नव्हते. तो डोंगरावरच राहिला. खाली लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मालवलेले, आकाश काळेभोर, १०० इंची दुर्बीण मोकळी. त्याने देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगळे करून दाखवले आणि ताऱ्यांचे दोन वर्ग आहेत हे सिद्ध केले. १९५२ साली रोमच्या परिषदेत त्याने सांगितले, की सेफीडही दोन जातींचे आहेत आणि आपण एका जातीचे वॅट दुसरीला लावत आलो. अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. पुढे ॲलन सँडेजने आणखी चुका काढल्या आणि १९५८ साली दर ७५ च्या आसपास आणला. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरले जाते.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दोन जाती, एकच चिठ्ठी. हबलच्या पेटीतले ग्रेटिंग बदललेले होते! त्याची निरीक्षणे खोटी नव्हती, माप चुकीचे होते. पण त्याने आपले उत्तर होते तसे छापले म्हणून ती चूक कोणाला तरी सापडू शकली. सातपटीने चुकलेले पण प्रामाणिक उत्तर विज्ञानाच्या उपयोगी पडले. आमचे ५८८७ हे जवळजवळ अचूक उत्तर कोणाच्याही उपयोगी पडले नाही.

याच माळेतले आणखी दोन मणी. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. दिवसा, रात्री, कोणत्याही दिशेला सारखीच. त्यांनी जोड तपासले, आत घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण धुऊन काढली. खरखर गेली नाही. ती तापल्या विश्वाच्या बालपणातली, ताणून ताणून गार झालेली ऊब होती. १९७८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यानंतर १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून प्रसरण किती मंदावत आहे, हे मोजायला दोन गट बसले होते. उत्तर उलटे आले : प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालू आहे. आधी त्यांना आपलीच चूक वाटली, ती शोधली, सापडली नाही, तेव्हा आले ते छापले. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चे नोबेल मिळाले. आणि आइन्स्टाइनचे टाकून दिलेले ते पद पुन्हा समीकरणात येऊन बसले.

अजूनही सगळे जुळलेले नाही. विश्वाच्या बालपणीच्या त्या ऊबेवरून, प्लँक या उपग्रहाच्या निरीक्षणांतून, दर येतो ६७.४. सेफीड आणि अतिनवतारे यांच्या शिडीवरून येतो सुमारे ७३. दोन्हीकडचे लोक आपापल्या चुका वर्षानुवर्षे तपासत आहेत. पुन्हा कोठे चिठ्ठी बदलली आहे, की भौतिकीतच काही नवे दडले आहे, हे ठरलेले नाही.

यावर काही मंडळी म्हणतात, "पाहा, यांचे आपसातच जमत नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा?" मला याच्या उलट वाटते. जेथे सगळ्यांची उत्तरे पुस्तकाशी तंतोतंत जुळतात, तेथेच मी संशय धरीन. आमच्या कपाटातली जर्नले तशी जुळलेली होती.

मतभेदाचा विषय निघाला आहे तर डॉ. जयंत नारळीकरांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते १९३८ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले, आणि पुढे पुण्याला 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. स्थिर स्थितीच्या सिद्धान्ताची सुधारलेली मांडणी ते हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर करीत राहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले. या प्रश्नात पुरावा त्यांच्या विरुद्ध बाजूला आहे असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात, आणि मलाही तसेच वाटते. पण त्यांनी आपला विरोध आकड्यांनी मांडला, कोणती निरीक्षणे आपल्याला अडचणीची आहेत ते टाळले नाही, आणि हे सगळे साध्या मराठीत सामान्य वाचकालाही सांगितले. जुळत नाही असे म्हणायला धैर्य लागते. ते का जुळत नाही हे मांडायला कष्ट लागतात. दोन्ही त्यांच्याजवळ होते.

आता माझी दुसरी कबुली. पहिली विद्यार्थ्याची होती, ही शिक्षकाची आहे, आणि अधिक जड आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीने बार पेंड्युलमच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची किंमत ९१२ अशी लिहून आणली. मी जर्नल परत केले. ती म्हणाली, "सर, तीनदा केला, तेवढेच येते." मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, "पुन्हा कर." तासाभराने तिने ९७९ आणले. मी सही केली. तासाभरात काय बदलले, ते मी विचारले नाही, कारण मला ते ठाऊक होते. स्टॉपवॉच मंद होते का, मोजपट्टी झिजली होती का, आंदोलने मोजताना एक निसटत होते का? ते ९१२ का आले, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. एका विद्यार्थिनीच्या हातातले खरे निरीक्षण मी पुसून घेतले, आणि वर शाबासकी दिली.

विद्यार्थी म्हणतील, "सर, हे सगळे ठीक, पण परीक्षा विद्यापीठाची, परीक्षक बाहेरचे, वेळ तीन तास. उत्तर चुकले की गुण गेले." त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोष मुलांचा थोडा आणि आम्हा शिक्षकांचा फार आहे. आपण उत्तराला गुण देतो, म्हणून मुले उत्तर आणून देतात. निरीक्षणाला आणि चुकीच्या शोधाला गुण दिले, तर तेही आणून देतील. सहकाऱ्यांना हे भाबडे वाटेल. काट मारलेली, न जुळणारी जर्नले तपासायला वेळ जास्त लागतो, हेही मला मान्य आहे. पण पन्नास जर्नलांत पन्नास जुळलेली उत्तरे तपासण्यात आपण जो वेळ घालवतो, तो कशासाठी घालवतो, हे एकदा स्वतःला विचारावे.

परीक्षेच्या नियमांना माझ्या एकट्याने धक्का लागणार नाही. वर्षभराच्या प्रयोगांचे गुण मात्र आमच्या हातात आहेत. यंदापासून माझ्या तुकडीने निरीक्षणे थेट जर्नलात, शाईने लिहायची. चुकले तर एक रेघ मारायची, आतले वाचता आले पाहिजे. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर खाली लिहायचे, की कोठे चूक असू शकते आणि ती आहे की नाही हे कसे तपासले. या चार ओळींना उत्तरापेक्षा जास्त गुण राहतील.

'विश्व' आणि 'नक्षत्र' हे शब्द या अंकाच्या मराठी विभागात आहेत तसेच कन्नड विभागातही आहेत. आमच्या मराठी आणि कन्नड मुलांचे इतर कशात मतभेद असोत, जर्नल उतरवून काढताना त्यांची पूर्ण एकवाक्यता असते, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा हे निमंत्रण दोन्ही विभागांच्या वाचकांना आहे. ज्यांच्या जर्नलात ४९१० किंवा ९१२ असे काही आले असेल, त्यांनी ते न खोडता माझ्याकडे घेऊन यावे. आपण दोघे मिळून पेटी उघडू आणि आतल्या काचेवर काय कोरले आहे, ते पाहू.